अंगणातला ससा रात्री कसा सांभाळता?

मागच्या आठवड्यात आमचा पांढरा गेला. जळगावच्या बाहेरची नवी वसाहत, घरामागे लगेच कपाशीचं शेत. खुराडं मीच केलं होतं: जुन्या पलंगाची लाकडं, वर पत्रा, चहूबाजूंनी कोंबड्यांची षटकोनी जाळी. सकाळी बघतो तर एका कोपऱ्यातली जाळी उचकटलेली, बाहेर कुत्र्याचे पंजे उमटलेले, आणि ससा आडवा. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आजी म्हणाली, "त्याले काहीच व्हयेल नही, तो धाकमा मरी गया." गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता मादी एकटी उरलीय. तुम्ही काय करता ते लिहा. फक्त "घरात घ्या" म्हणू नका, दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत.

भुसावळहून
षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, कुत्रा बाहेर ठेवायला नाही. तार पातळ, दातांनी तुटते. अर्धा इंची चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. महाग पडते, पण एकदाच. आणि ती पिनांनी ठोकू नका, वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रू मारा. आमच्याकडे जाळी शाबूत राहिली, गेला तो दरवाजा! नुसती कडी होती, कुत्र्याने नाकाने वर ढकलली. तेव्हापासून कडीत वाकवलेला खिळा घालतो. घरातले रोज शिव्या देतात, कारण चारा टाकायला गेलं की तो काढत बसावं लागतं.

अमळनेरहून
कुत्र्याचं सगळे बोलतात, आमच्याकडे मुंगूस आलं. तेही भरदुपारी, सगळे आडवे झालेले असताना. मादी व्यायली त्याला चार दिवस झाले होते. पाळीव सशाची पिल्लं जन्मतः बिनकेसांची, डोळे उघडायला 10-12 दिवस लागतात, त्यांनी पळायचं तरी कुठे? तीन पिल्लं गेली. मुंगूस खालून शिरलं होतं. जाळी फूटभर खोल पुरली होती हो! पण आपली काळी माती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगेलाच उकरून वाट केली. आता जाळी उभी पुरत नाही. बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरलीय, वर शहाबादी फरशीचे तुकडे. उकरणारा कडेलाच उकरतो, जाळी लागली की कंटाळतो. आत ससासुद्धा उकरतो, म्हणून तळालाही जाळी घालून वर माती आणि गवत टाकलंय.

शेजाऱ्यांनी विष ठेवायला सांगितलं. ठेवू नका. मुंगूस मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि ते विष खाणार गल्लीतली मांजरं.

शहाद्याहून
आमच्याकडे धामण. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरांमागे धामण, आणि मग तिला पिल्लं दिसली. मी पोहोचलो तेव्हा एकाचे मागचे पाय तेवढे तोंडाबाहेर होते. आता संध्याकाळी उरलेलं खाणं उचलतो आणि खुराड्याखालची जागा झाडून घेतो.

रावेरहून
आमची केळीची बाग सातपुड्याच्या पायथ्याला. पाण्याच्या चारीत बिबट्याचा पंजा उमटलेला दिसला, वनखात्याला कळवलं. बिबट्यापुढे कुठलीच जाळी टिकत नाही, उगाच खर्च करू नका. ससे रात्री पंपाच्या पक्क्या खोलीत, लोखंडी दार, झरोक्याला जाळी. मोटारीच्या आवाजाला सुरुवातीला दबकायचे, आता नाही.

धुळ्याहून
माझा अनुभव उलटा आहे. बोक्याच्या भीतीने मी खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, वर पत्रा होताच. मे महिना. बोका आलाच नाही, ससा उन्हाने गेला. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बऱ्याच अंशी कानांतून सोडतो. वारा बंद केला की संपलं. आता पत्र्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर, पश्चिमेला ओलं गोणपाट, बाकी तीन बाजू मोकळ्या, आणि आत फुटक्या माठाचा अर्धा तुकडा. दुपारभर त्यालाच पोट लावून पडलेले असतात.

धाकाचं म्हणाल, तर आत एक लाकडी खोकं ठेवा. तोंड लहान आणि आत आडवी फळी, म्हणजे बाहेरून ससा दिसत नाही. कुत्रा दिसत राहिला तर ससा जाळीवर आपटून घेतो.

शिरपूरहून
थोडं अवांतर. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू कुणी पाळायला आणू नका. ते जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असतात, आई दिवसा जवळ नसतेच. सोडून गेली असं वाटतं, पण ती येते. शिवाय रानससा पाळायला परवानगी नाही.

चोपड्याहून
उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, खुराडंही वर नेलं. कुत्र्यापासून सुटका, पण दिवसा घार घिरट्या घालते. वरूनही जाळी हवी.

पुन्हा मीच, जळगावहून
रविवारी जाळी बदलली, खोकं ठेवलं, कडीत खिळाही घातला. काल रात्री अडीचला धप्प आवाज आला. मादीने पाय आपटला होता. बॅटरी घेऊन गेलो तर शेजारची मांजर पत्र्यावर, आणि मादी खोक्यात मागे सरकून बसलेली. मांजर हाकलली, मी पायरीवर बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी ती बाहेर येऊन मेथीच्या काड्या खायला लागली.

अमळनेरकर, एक विचारायचं राहिलं: पावसाळ्यात त्या तळाच्या मातीचा चिखल होत नाही का?