मदत हवी आहे: चिपळूणची 2017 ची वॅगनआर बघितली, पुरातली वाटते. घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी कऱ्हाडला असतो. पहिलीच गाडी घेतोय, तीही जुनी. आई गावी असते, चिपळूणच्या अलीकडे. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही आणि तपासणीसाठी दर महिन्याला कऱ्हाडला आणावं लागतं. म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला.

गाडी पेट्रोल, एक लिटरचं इंजिन, एमएच-08 पासिंग, एकच मालक, 54 हजार किमी. 2 लाख 90 हजार सांगतायत. आरसीवर बोजा नाही, मुदत 2032 पर्यंत. इंजिन गार असताना बघायचं म्हणून मुद्दाम सकाळी गेलो. पहिल्या सेल्फला चालू झाली, धूर नाही, ऑइलच्या झाकणाला आतून दुधी साय (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) नाही. क्लच जरा वर धरतो, तो खर्च मी करेन.

खटकलं ते पुढे. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर आतली वीतभर पट्टी मळकट तपकिरी. सीट मागे सरकवली, तर रुळाच्या बोल्टच्या खाचेत वाळलेला गाळ. नखाने खरवडला तर पिठासारखा बारीक निघाला. आणि मॅटखालचं कार्पेट मात्र नवंकोरं. सर्व्हिस बुकात जून 2021 ला 31,200 किमी, पुढची नोंद थेट फेब्रुवारी 2022 ला, 31,650 किमी. मधे 22 जुलैचा पूर. मालक म्हणतात, "गाडी वरच्या आळीत होती, पाणी चाकाच्या वर आलं नाही." माणूस सज्जन वाटला. त्या पुरात लोकांचं काय काय गेलं ते मी तिथे जाऊन पाहिलंय, त्यामुळे जास्त खोदून विचारायला माझी जीभ रेटली नाही.

ज्याला गाडीतलं कळतं तो दरवर्षी कपलर, म्हणजे वायरिंगचे जोड, उघडून साफ करेल. मी गाडी सर्व्हिसिंगला टाकणार आणि संध्याकाळी घेऊन येणार, एवढंच. माझ्यासारख्याने अशी गाडी घ्यावी का? पुरानंतर इतकी वर्षं चालली म्हणजे धोका टळला म्हणायचा, की वायरिंग आतून गंजतच राहतं आणि पावसाळ्यात कधीही दगा देतं? घाटात पोफळी ते हेळवाकच्या मधे, धुक्यात, आई शेजारी बसलेली असताना गाडी बंद पडली तर काय, हाच विचार डोक्यातून जात नाही. नाहीतर क्लचसकट बाकी सगळं मला मान्य आहे.

मेकॅनिकला घेऊन परत जाणार आहे. त्याला नेमकं काय उघडून बघायला सांगू? पुराचा विमा क्लेम झाला होता का, हे मालकांच्या जुन्या पॉलिसीवरून कंपनीकडे विचारलं तर सांगतात का? कुणी स्वतः पुरातली गाडी वापरली असेल तर कृपया खरा अनुभव लिहा, चांगला असो वा वाईट.

टोकन दिलेलं नाही. मालकांना रविवारी कळवतो म्हणून सांगून आलोय.