रॉबिन 'एका गाण्याची बाई'?

स्वीडिश पॉप गायिका रॉबिन २०१० च्या 'डान्सिंग ऑन माय ओन' या गाण्याने उगवली आणि तिथेच संपली, असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. १९९७ मध्येच, विशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा तिची दोन गाणी अमेरिकेत टॉप टेनमध्ये होती, तीही गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिनच्या साथीने. पुढे रेकॉर्ड कंपनीशी पटेना म्हणून तिने २००५ ला कोनिचिवा रेकॉर्ड्स हे स्वतःचंच लेबल काढलं आणि त्यानंतर २००७ ला संगीत निर्माता क्लीरपसोबतचं गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला!

आणि 'संपली' म्हणाल तर २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये तिचा शो सुटल्यावर पब्लिक मेट्रोच्या फलाटावर 'डान्सिंग ऑन माय ओन' कोरसमध्ये गात होतं, व्हिडिओ आहे, बघाच.