ओ-यू-जी-एच वाले इंग्रजी शब्द, उच्चार आणि अर्थ कोणी नीट सांगेल का?

सातवीची आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिश. वाचन चांगलं आहे तिचं पण ज्या शब्दात ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं येतात तिथे हमखास अडखळते, टफ नीट वाचते आणि पुढच्याच ओळीत दो आलं की त्याला पण "दफ" म्हणते, थ्रू आणि थॉट तर रोज उलटेपालटे. काल मला विचारलं की अक्षरं तीच आहेत तर आवाज वेगळा का, मला उत्तर देता आलं नाही. असे शब्द अर्थासकट कोणी सांगेल का, आणि लक्षात ठेवायची काही युक्ती असेल तर ती पण.

खडू फळा
ताई, मी शाळेत इंग्रजीच शिकवतो, दरवर्षी पोरं इथेच अडकतात. एका नियमात हे बसत नाही, आवाजाप्रमाणे गट करून द्या.

आधी "फ" वाले, हे थोडेच आहेत. टफ म्हणजे चिवट किंवा कठीण, रफ म्हणजे खडबडीत (आपली रफ वही तीच), इनफ म्हणजे पुरेसं, कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे जनावरांच्या पाण्याचं किंवा चाऱ्याचं लांबट भांडं. हवामानाच्या बातम्यांत कमी दाबाचा पट्टा सांगताना ट्रफ ट्रफ म्हणतात ना, तो हाच शब्द.

मग शेवटी टी लागला की "ऑट". थॉट विचार केला, बॉट विकत घेतलं, ब्रॉट आणलं, फॉट लढला, सॉट शोधलं, ऑट म्हणजे करायला हवं. हा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सरळ. अपवाद एकच ध्यानात ठेवायला सांगा, ड्राऊट म्हणजे अवर्षण, दुष्काळ. त्याच्यासोबत प्लाऊ म्हणजे नांगर आणि बाऊ म्हणजे झाडाची मोठी फांदी हे दोन घ्या, तिघांत "आऊ" आहे आणि तिन्ही शेताशी जोडता येतात म्हणून पोरांना पटकन बसतात. (आपल्या सप्तर्षीच्या सात ताऱ्यांना ब्रिटनमध्ये प्लाऊच म्हणतात, वर्गात हे सांगितलं की तो शब्द कोणी विसरत नाही.)

राहिले दो म्हणजे जरी, डो म्हणजे मळलेली कणीक, थ्रू म्हणजे मधून किंवा आरपार, थरो म्हणजे सखोल, अगदी बारकाईने केलेलं.

युक्ती अशी की फळ्यावर टफ लिहायचं, टी-ओ-यू-जी-एच. टी च्या पुढे एच घातला की दो झालं, त्या एच च्या पुढे आर घातला की थ्रू, आणि एच आणि आर च्या मध्ये ओ घातला की थरो. परत दो वर या, शेवटी टी लावा, थॉट झालं. एकेक अक्षर वाढवत मुलांच्या हातानेच लिहून घ्यायचं आणि प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायला लावायचं, पाठ करायला बसवण्यापेक्षा हे कितीतरी पटीने चांगलं चालतं.

जुनी पोथी
सरांनी छान सांगितलंय, मी फक्त मुलीच्या "का" चं उत्तर देते कारण तो प्रश्न फार चांगला आहे आणि मुलांना "इंग्रजी असंच असतं" असं सांगून गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही.

हे जी-एच पूर्वी मुकं नव्हतं. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून घासून काढलेला ख सारखा आवाज होता, जर्मन लोक रात्रीला नाख्ट आणि आठाला आख्ट म्हणतात त्यातला. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्यांच्या वळणाचे लेखनिक आले आणि तो आवाज जी-एच असा लिहायची पद्धत पडत गेली. पुढे बोलण्यातून तो आवाज हळूहळू गेला, काही शब्दांत पूर्ण नाहीसा झाला (दो, थ्रू, थॉट, नाईट), काहींत ओठांवर येऊन फ झाला (टफ, रफ, लाफ). पण इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यावर छापील स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि बोलणं मात्र बदलतच राहिलं. म्हणून आज डोळ्याला दिसतं एक आणि कानाला ऐकू येतं दुसरं.

आणि डॉटर मधला जी-एच बघा, जर्मनमध्ये टॉख्टर आणि आपल्याकडे संस्कृत दुहिता, तिघी एकाच मुळातल्या. तिथला ह आणि इथला जी-एच यांचं नातं आहे. मुलीला हे नक्की सांगा.

सातवीची आई
खूप खूप धन्यवाद दोघांना!! टफ-दो-थ्रू वालं आजच करून घेतलं, आवडलं तिला, दुहिता ऐकून तर आजीला सांगायला पळाली. अजून एक, बॉट आणि ब्रॉट मध्ये फार गोंधळ करते, आणि आपण सगळे कफ सिरप म्हणतो मग कॉफ कसं?

खडू फळा
बाय मध्ये आर नाही म्हणून बॉट मध्ये नाही, ब्रिंग मध्ये आर आहे म्हणून ब्रॉट मध्ये आहे. मूळ क्रियापद शेजारी लिहायची सवय लावा, गोंधळ जातो.

कफ सिरपचं म्हणाल तर आपला कफ हा संस्कृतातला शब्द, घशातला चिकट पदार्थ, इंग्रजी कॉफ म्हणजे खोकला, दोघांचा काही संबंध नाही. इंग्रजीत "कफ" म्हटलं तर शर्टाच्या बाहीचा कफ होतो आणि त्याचं स्पेलिंग सी-यू-डबल एफ. औषधाच्या दुकानात कफ सिरप मागितलं तरी मिळतंच, पण वाचताना कॉफच म्हणायला शिकवा.

परदेशस्थ
इथे अमेरिकेत नांगर पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात आणि डोनट मधलं ओ-यू-जी-एच पण बहुतेक दुकानांच्या पाट्यांवरून गेलेलं आहे. मुलीने नेटवर असं स्पेलिंग पाहिलं तर चूक समजू नये, पण आपल्या शाळेत ब्रिटिश स्पेलिंग चालतं तेव्हा पेपरात प्लाऊ जी-एच लावूनच लिहायला सांगा.