एओविनने तलवार ठेवली, ती निवड की माघार?

शाईपेन:
जुन्या फँटसीत बायका किती हे मोजण्यात हशील नाही. टोल्किनच्या 'द हॉबिट'मध्ये (१९३७) एकही बाई बोलत नाही, विषय संपला. तपासायचं ते पराक्रमानंतरचं प्रकरण. त्याच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली राजा थेओडेनची भाची एओविन पुरुषवेशात रणात उतरते, नाझ्गुलांच्या, म्हणजे शत्रूच्या काळ्या स्वारांच्या, म्होरक्याला मारते. युद्ध संपतं आणि ती फारामिर या सरदाराला सांगते, यापुढे मी रणरागिणी नाही, लोकांना बरं करीन. लगेच लग्न ठरतं. याच बाईने आधी ॲरागॉर्नला, गादीच्या खऱ्या वारसाला, सुनावलेलं असतं की तुमच्या बोलण्याचा अर्थ एकच, बाईची जागा घरात. आणि पुरुष मेले की त्या घरासकट जळायची तिला मुभा. इतकं नेमकं बोलणारीला दवापाण्याला बसवलं. वाचक मुली इथेच अडखळतात.

काठावरची:
सपशेल असहमत. उपचार हे या कादंबरीत दुय्यम काम नाहीच. ॲरागॉर्न खरा राजा, हे लोकांना पटतं ते त्याच्या हातून रोगी उठतात म्हणून. 'राजाचे हात ते बरं करणाऱ्याचे हात' ही जुनी म्हण उपचारगृहातली म्हातारी आयोरेथच आठवून देते. शिवाय एओविन रणात गेली होती मरायला. जगायचं ठरवणं ही माघार कशी?

शाईपेन:
मरणेच्छा मान्य. पण मेरी या हॉबिट पुरुषाकडे बघा. त्यालाही थेओडेनने मागे राहायला सांगितलं, तोही लपून गेला, एओविनच्याच घोड्यावर. त्याच शत्रूच्या गुडघ्यामागे वार त्याचा. बरा झाल्यावर तो शायरमध्ये, हॉबिटांच्या मुलखात, लढाई चालवतो. ॲरागॉर्नही औषध देतो म्हणून तलवार सोडत नाही.

काठावरची:
आणि कथेचा नायक फ्रोडो? शायरच्या लढाईत तो तलवार उपसतच नाही.

तिसरी घंटा:
मोजण्यात हशील आहे बरं का. बायका मोजक्या असल्या की एकीवर सगळ्यांचा भार येतो. एओविनसारख्या चौघी असत्या तर एकीने तलवार ठेवल्याचा एवढा राग आला नसता. ॲरागॉर्नची वधू आर्वेन, तिची प्रेमकथा तर परिशिष्टात ढकलली आहे!

जुना वाचक:
'त्या काळी असंच लिहायचे' म्हणण्याआधी 'वीअर्ड टेल्स' मासिकाचा ऑक्टोबर १९३४ चा अंक आठवा. सी. एल. मूर यांची जिरेल, किल्ल्याची धनीण, स्वतः तलवार चालवणारी. 'हॉबिट'च्या तीन वर्षं आधी.
आणि लेखक स्वतःला दुरुस्तही करतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (१९६८) बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट अशा म्हणीच आहेत, रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत फक्त मुलगे. १९७१ च्या दुसऱ्या भागात तेनार ही तरुण पुजारीण नायिका, तरी तिला भूलभुलैयातून बाहेर काढतो पहिल्या भागाचा नायक, जादूगार गेडच.

तिसरी घंटा:
बाहेर काढतो? तो तिथे तहानेने मरत होता, पाणी तिने दिलं.

जुना वाचक:
बरोबर, एकमेकांना काढतात म्हणू. मग 'तेहानू' (१९९०): गेडची जादू संपलेली, तेनार मध्यमवयीन विधवा, शेत आणि भाजलेली पोर सांभाळणारी. तलवार नाही, मंत्र नाही, पुस्तक मात्र तिचं. जादूगार म्हणून गेड ज्यांना हवा होता, ते यावर अजून रुसलेले आहेत.

काठावरची:
म्हणजे तेनार घर सांभाळते तर पुस्तक तिचं, आणि एओविनने तेच केलं की माघार?

शाईपेन:
तेनारचं घर पुस्तकभर दिसतं. एओविन लग्नानंतर जिथे राहते त्या इथिलियेनमधला तिचा एक प्रसंग दाखवा.