मदत हवी आहे: सवलतीतला गेम घ्यावा की नाही, हे कसं ठरवता?

गेलं वर्षभर मी एकही गेम पूर्ण किमतीला घेतला नाही. सेल लागला की विशलिस्ट उघडायची, एवढंच. अकरा घेतले, पूर्ण झाले चार.

त्यातला ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) अजून डोक्यातून जात नाही. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं पहिल्यापासून सुरू. पुढे येते ती फक्त आपल्याला कळलेली माहिती. पहिल्यांदा तो निळा उजेड अंगावर आला तेव्हा कंट्रोलर हातात धरून नुसता बघत राहिलो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) तर वही-पेन घेऊन खेळलो. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं, आणि तिघांचं अचूक जुळलं की मगच गेम ते पक्कं करतो. काय सुंदर कल्पना आहे!

उरलेले सात मात्र केवळ सवलत मोठी दिसली म्हणून घेतले. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात, पण मोठ्या गेममध्ये दोन तास सुरुवातीच्या शिकवणीतच जातात.

तुम्ही तेवढ्या वेळात कसं ओळखता? आणि वरच्या दोघांसारखे, स्वतः शोधून काढायला लावणारे जुने गेम कोणते?