महिन्याचे खाऊचे पैसे पाच तारखेलाच संपतात

फोंड्याची आई: मुलगा पाचवीत. एक तारखेला ३०० रुपये देते, पाचपर्यंत संपतात. मग आजीकडे हात पसरतो. काय बदलू?

डिचोलीकर: त्या वयाला महिना फार लांब. आठवड्याला ७० द्या, तेही दहाच्या सात नोटा. मोठी नोट एकदा मोडली की उरलेले पैसे मुलांना फुकटचे वाटतात. वार सोमवार ठेवा. शनिवारी दिले तर रविवारीच उडतात. आणि पैसे कशाचे ते आधी ठरवा: कँटीनचा खाऊ, स्टिकर त्याचे, वह्या, बसभाडं तुमचं. हे न ठरवल्यानेच निम्मी भांडणं होतात.

म्हापशाहून: आधी आजीला आवरा हो! मधूनच भर पडली की संपल्याची झळच लागत नाही. फारच अडलं तर १० रुपये उचल, सोमवारी हातात ६०च.

डिचोलीकर: अगदी. गणेश चवथीला, जत्रेला पाहुणे पैसे देतात ते मात्र यात मिसळू नका. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर पोस्टात त्याच्याच नावाने बचत खातं निघतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. स्लिप त्यालाच भरू द्या.