इसब: करंजेल, शतधौत घृत की डॉक्टरांचं मलम?

बावडेकर_आई:
मुलगा सात वर्षांचा. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणीत कातडी जाड, कोरडी झालीय, रात्री खाजवून रक्त काढतो. डॉक्टरांनी इसब सांगितला आणि मलम दिलं. त्यात स्टेरॉइड आहे म्हणून लावायला भीती वाटते. सासूबाई करंजेल म्हणतात, शेजारच्या काकू कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला म्हणतात. घरचं काय चालेल?

औषधवाला_शाहूपुरी:
ताई, निदान डॉक्टरांकडून झालंय हे बरं. नाहीतर नायटा आणि इसब यांची गल्लत नेहमीची. नायट्याची कड लालसर, उचललेली असते, मध्ये कातडी निवळलेली. खरजेची खाज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, आणि बहुधा घरात एकापेक्षा जास्त जणांना. इसबाला अशी स्पष्ट कड नसते. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारं "तिन्हीवर चालतं" असलं मिश्र मलम मुळीच घेऊ नका. त्यातल्या तीव्र स्टेरॉइडनं नायटा दबतो, वरून बरा दिसतो आणि आतल्या आत पसरतो.

इसबात कातडीचा वरचा थर गळका असतो. पाणी बाहेर जातं, साबण-धूळ आत शिरते, त्यातून दाह आणि खाज. म्हणून औषधाच्या आधी स्निग्ध मलम. बंबातलं कढत पाणी बंद, कोमट पाण्यानं 5 ते 10 मिनिटांत आंघोळ. वजरी, डाळीचं पीठ, फेसाळ साबण नको. टॉवेलनं टिपून घ्या, घासू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, व्हॅसलीन किंवा बिनवासाचं जाड मलम लावा. दिवसातून किमान दोनदा. सर्वांगाला लावायचं तर आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं. लोक 20 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि "गुण नाही" म्हणतात!

स्टेरॉइडचं माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी जागा होते. फक्त लाल, खाजणाऱ्या जागी, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं. दोन्ही मलमांत 15-20 मिनिटांचं अंतर ठेवा. भीतीनं अर्धवट लावलं की दाह धुमसत राहतो आणि शेवटी जास्तच मलम लागतं.

वैद्य_मंगळवारपेठ:
आयुर्वेदात याला विचर्चिका म्हणतात. वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त स्निग्धतेसाठी शतधौत घृतही चालतं. तांब्याच्या रुंद परातीत 50 ग्रॅम गाईचं तूप, तेवढंच उकळून गार केलेलं पाणी. तळव्यानं दोन-तीन मिनिटं फेटा, पाणी ओता, नवं घ्या. असं शंभर वेळा. पूर्ण दुपार जाते, सोपं काम नाही. पिवळं तूप पांढरं, मऊ, लोण्यासारखं होतं. पाणी कोमट असेल तर तूप वितळतं आणि फेटलं जात नाही. रात्रभर परातीतच राहिलं तर तांब्यानं हिरवट झाक येते, ते टाकून द्या. पाणी आत अडकलेलं असतं, म्हणून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, थोडंच करा. आंबट वास आला की संपलं. चिरलेल्या, पाझरणाऱ्या कातडीवर लावू नका.

करंजेल उग्र. लहान मुलाच्या फुटलेल्या कातडीवर नकोच. कडुलिंबाच्या काढ्यानं कातडी आणखी कोरडी पडते. बिनलेबलची चूर्णं, भस्मं तर पोटात देऊच नका, त्यात पारा, शिसं किंवा लपवलेलं स्टेरॉइड असू शकतं.

कोणतंही नवं तेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला, चांगल्या कातडीवर, वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा.

बावडेकर_आई:
मग घाण्यावरचं खोबरेल चालेल का? आणि दूध-अंडी बंद करू?

औषधवाला_शाहूपुरी:
खोबरेल चालेल. 2014 साली फिलिपिन्समध्ये मुलांवर 8 आठवड्यांची चाचणी झाली, त्यात व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. पण सुगंधी, जडीबुटी घातलेलं नको. शेंगदाणा तेल फुटलेल्या कातडीवर नको, कातडीतून ॲलर्जी जडू शकते. ऑलिव्ह तेलानं थर आणखी कमकुवत होतो.

खाणं आपल्या मनानं बंद करू नका, वाढत्या पोराचं पोषण कमी पडतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजतात, गांधी उठतात असं दिसलं तरच डॉक्टरांशी बोला.

एमआयडीसी_शिरोली:
दोन गोष्टी राहिल्या. गाजर गवत असलेल्या मोकळ्या जागेत पोरगं खेळतं का बघा, त्याच्या हवेतल्या कणांनी चेहरा-मान-कोपर चिडतात. आणि जोतिबाला नेलं तर गुलाल फुटलेल्या जागी लागू देऊ नका. लागलाच तर साध्या पाण्यानं धुवून लगेच मलम.

पिवळी खपली, पू, ताप, किंवा एकसारख्या पाणफोडांचा घोस अचानक दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वाट बघू नका.